जुन्या सागाला जोड देताना

पुनर्विकासाला जाणाऱ्या इमारतीच्या दाराशी टेम्पो लागलेला असतो. गाद्या, फ्रीज, पुस्तकांची खोकी चढतात आणि शेवटी सागवानी कपाटापाशी घोडं अडतं. नव्या फ्लॅटच्या पांढऱ्या भिंतीला ते शोभेल का? एका दाराची खालची पट्टी वाळवीनं खाल्ली आहे, पॉलिश काळवंडलं आहे, एक फळी कधीची फुटली आहे. जुनं सामान घेणारा माणूस जिन्यातच उभा असतो. तो जो भाव सांगतो त्यात त्या लाकडाच्या दोन फळ्याही नव्या येत नाहीत, पण घाईत माणूस हो म्हणतो. डोंबिवलीत रामनगर-टिळकनगर, ठाण्यात नौपाडा, कल्याणात पारनाक्याच्या आसपास हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता ओळखीच्या कुणाचंही घर रिकामं होणार असलं की मी आधीच फोन करते आणि सांगते, कपाट विकू नका, झोपाळ्याची फळी सोडू नका, आणि दारांच्या चौकटींचं काय ठरलंय ते विचारून घ्या.

साठ-सत्तरच्या दशकात इथल्या मध्यमवर्गीय घरांत जो साग आला तो बहुतेक जंगलात सावकाश वाढलेल्या झाडांचा होता. वर्षवलयं दाट, गाभा तेलकट, वजन चांगलं. आज वखारीत मिळणारा बराच साग लागवडीचा असतो, लवकर वाढवलेला, त्यामुळे रेघ रुंद आणि रंग फिका. दोन्ही सागच, पण शेजारी ठेवले तर चुलत भावंडं वाटतात, सख्खी नव्हे. जुन्या लाकडाची दुरुस्ती फसते ती इथेच. फळी सहज बदलता येते, बदललेली फळी जुन्यात मिसळवणं मात्र कठीण असतं.

आमच्या घरी वडिलांनी 1972 साली करून घेतलेलं दोन दारांचं कपाट आहे. वरच्या भागात काच, खाली लाकडी पॅनेल. ओलीच्या भिंतीला टेकून उभं असल्यानं डाव्या दाराची तळपट्टी आणि पॅनेलचा खालचा कोपरा वाळवीनं पोखरला. पहिल्यांदा आम्ही ज्यांच्याकडून ते दुरुस्त करून घेतलं त्यांनी हाताला आलेला नवा साग बसवला आणि रंग जुळावा म्हणून त्यावर गडद अक्रोडी रंग मारला. आठ दिवस बरं दिसलं. मग पहिल्या उन्हाळ्यातच ती पट्टी बाकीच्या दारापेक्षा काळी दिसायला लागली, आणि पुढची दोन वर्षं घरात येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी तिथेच जायची. नंतर दुसऱ्या मिस्त्रींनी ती काढून नव्यानं केली. रंगाच्या डबीकडे माझा हात गेला तेव्हा ते म्हणाले, "ताई, रंग सगळ्यात शेवटी. आधी रेघ बघा." या लेखातलं बरंचसं त्या दहा दिवसांत त्यांच्या शेजारी बसून शिकलेलं आहे.

त्यांचा क्रम असा: आधी लाकडाची जात आणि रेघ जुळवायची, मग जाडी आणि सांधा, मग पॉलिशची चकाकी आणि अगदी शेवटी रंग. आपण नेमके उलट्या टोकाकडून सुरुवात करतो.

घरातच शोधा

जुन्या सागाला सर्वांत चांगली जोड जुन्याच सागाची, आणि ती बऱ्याचदा त्याच घरात असते. कपाटाचे आतले कप्पे, मागची फळी, पलंगाखालच्या आडव्या पट्ट्या, माळ्याची चौकट, पाडल्या जाणाऱ्या खिडक्यांच्या चौकटी. मिस्त्रींनी आमच्या कपाटाच्या आतला सर्वांत खालचा कप्पा काढला, त्यातून तळपट्टी कापली आणि कप्प्याच्या जागी वखारीतली नवी फळी टाकली. दिसणाऱ्या जागी जुनं लाकूड आलं, न दिसणाऱ्या जागी नवं. त्याच झाडाचं नसलं तरी त्याच काळातलं, त्याच खोलीतली हवा पन्नास वर्षं खाल्लेलं लाकूड. रंगाचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

म्हणून इमारत विकासकाच्या ताब्यात देण्याआधी घरातून एक फेरी मारा. ऑइल पेंटचे थर चढलेली आतल्या खोल्यांची दारंसुद्धा एखाद्या कोपऱ्यात ब्लेडनं जरा खरवडून पाहा. खाली साग निघण्याची शक्यता बरीच असते. दारं-चौकटी आपण काढून न्यायच्या की त्या पाडकाम करणाऱ्याच्या वाट्याला जाणार, हे करारात काय लिहिलंय त्यावर असतं. ते आधी वाचा आणि सोसायटीमार्फत लेखी विचारा. घर रिकामं करायच्या दिवशी हा वाद घालण्यात अर्थ नाही. घरात काहीच नसेल तर पाडकामाचं सामान विकणाऱ्या वखारी आहेत, मुंबईत चोरबाजार आहे. तिथे फळी घेताना कडेला रंधा मारून दाखवायला सांगा, म्हणजे आतला खरा रंग दिसतो. खिळ्यांची भोकं मोजा. एखादा तुटका खिळा आत राहिला तर मिस्त्रींच्या रंध्याचं पातं जातं.

एक सावधगिरीही हवी. घरातलं प्रत्येक तपकिरी लाकूड साग नसतं. कोकणातल्या गावाहून आलेला देव्हारा फणसाचा असू शकतो. फणसाचं लाकूड ताजं असताना पिवळंधमक असतं आणि वर्षानुवर्षं गडद होत जातं. जुन्या खाटेचे पाय ऐनाचे किंवा शिसवीचे निघतात. ताज्या कापलेल्या सागाला चामड्यासारखा एक वास असतो आणि हाताला किंचित तेलकट लागतं. शंका असेल तर मिस्त्रींना विचारा. फणसाच्या देव्हाऱ्याला सागाचं ठिगळ लावलं तर ते कितीही घासा, उठूनच दिसणार.

नवंच लाकूड घ्यायची वेळ आली तर वखारीत 'सीपी' हा शब्द कानावर पडेल. तो मध्य प्रांताच्या जुन्या इंग्रजी नावावरून आलेला आहे. प्रांत गेला, व्यापारात नाव राहिलं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग त्यातलाच. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये बल्लारपूरहून साग गेला होता, आणि दिल्लीच्या नव्या संसद भवनात नागपूरचा साग वापरला आहे. याशिवाय बर्मा साग म्हणून विकला जाणारा महाग माल असतो आणि आफ्रिका, दक्षिण अमेरिकेतून येणारा लागवडीचा साग असतो. नावावर जाऊ नका. जुन्या कपाटाचा एखादा सुटा तुकडा, अगदी आतली खुंटी किंवा पट्टी, सोबत घेऊन जा आणि दाट रेघ मिळेपर्यंत फळ्या उलटून पाहा. कडेचं पांढरट लाकूड टाळा. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही अशी त्याची ख्याती आहे आणि ती खरीही आहे, पण ती गाभ्यापुरतीच. ते कडेचं पांढरं लाकूड किडा आणि वाळवी आवडीनं खातात. आमच्या कपाटाची तळपट्टी गेली ती याच कारणानं. मूळ सुतारानं पांढरी कड असलेला तुकडा खाली, नजरेआड वापरला होता.

हे लाकूड इतकं टिकतं का, हे समजायला कल्याणच्या खाडीकडे पाहावं. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी दुर्गाडी किल्ल्याखाली आरमाराची जहाजं बांधायला घेतली. पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं बांधलेली सागवानी जहाजं जगभर फिरली. त्यातलं 1817 सालचं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. खाऱ्या पाण्यात दोनशे वर्षं टिकणारं लाकूड डोंबिवलीच्या पावसाळ्याला सहज पुरून उरतं. मात्र सुकं राहिलं पाहिजे आणि लोखंड त्याच्यापासून दूर ठेवलं पाहिजे, एवढ्या दोनच अटी आहेत.

हात लावण्याआधी

पुष्कळ वेळा ज्याला आपण खराब पॉलिश समजतो ती नुसती घाण असते. समईची काजळी, उदबत्तीचा धूर, कडीजवळ हातांचं तेल, स्वयंपाकघरातून आलेला चिकटपणा. कोमट पाण्यात अगदी थोडा सौम्य साबण घाला, फडकं घट्ट पिळून पुसा आणि लगेच कोरड्या फडक्यानं टिपा. सुकल्यावर टर्पेंटाइनचा बोळा फिरवा. फडकं तपकिरी-काळं होईल आणि खालून जुना मधासारखा रंग वर येईल. तसं झालं तर सगळं घासून काढायचा बेत रद्द करा. पन्नास वर्षांनी लाकडाला आणि लाखेला आलेला तो रंग बाजारात विकत मिळत नाही, आणि एकदा मशीननं काढला की परत येत नाही.

मग जुनं पॉलिश कोणतं आहे ते ओळखायचं. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, कापसावर स्पिरिट घेऊन अर्धा मिनिट दाबून धरा. चिकट झालं आणि कापूस तपकिरी झाला तर ते लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश आहे. स्पिरिटनं काही झालं नाही आणि थिनरनं मऊ झालं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. 1970 च्या आधीच्या बहुतेक घरगुती फर्निचरवर लाखच निघते, आणि ती निघाली तर खुशाल हसा, कारण जुन्या लाखेवर नवी लाख सहज धरते. तडे गेलेल्या, बारीक जाळी पडलेल्या लाखेच्या पृष्ठभागावर नुसतं स्पिरिट मऊ ब्रशनं हलकेच फिरवलं तर ती विरघळून पुन्हा एकसंध बसते. काही दारांना याहून जास्त काही लागतच नाही.

इथे प्लायवुडबद्दल कळकळीनं सांगते. ऐंशीच्या दशकापासूनचं बरंच फर्निचर अखंड सागाचं नसून वर सागाची पातळ पापुद्र्यासारखी विनियर असलेल्या प्लायचं असतं. ती विनियर अर्धा मिलिमीटरही जाड नसते. दाराची कड पाहिली की कळतं: कडेला वेगळी पट्टी ठोकलेली दिसते किंवा एकावर एक थर दिसतात. अशा फर्निचरवर घासायचं मशीन लावलं तर दोन मिनिटांत खालचा पांढरा-गुलाबी थर उघडा पडतो आणि त्यावर मग कुठलाही रंग जुळत नाही. तिथे फक्त हातानं, लाकडी ठोकळ्याला 220 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून, रेघेच्या दिशेनं, अगदी थोडं.

रंगवलेल्या जुन्या दारांबाबत आणखी एक काळजी घ्यायची असते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा घालणारा नियम आपल्याकडे 2016 मध्ये आला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांवर विश्वास ठेवू नये. असा रंग कोरडा घासू नका आणि बर्नर लावून जाळूही नका. पेंट रिमूव्हर लावून, ओला असतानाच खरवडा, कचरा कागदात गोळा करा, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घराबाहेर करा. सागाची नुसती धूळही काहींना त्वचेवर आणि नाकात झोंबते, म्हणून मास्क लागतोच.

सागावर काळे-निळे डाग दिसतील, विशेषतः खिळ्यांभोवती, झोपाळ्याच्या कड्यांखाली, नळाजवळच्या दाराच्या तळाशी. ओल, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांचा तो परिणाम आहे. घासून जात नाही, कारण डाग खोल गेलेला असतो. लिटरभर कोमट पाण्यात 50 ते 60 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून उघड्या लाकडावर लावलं की बहुतेक डाग फिका होतो. नुसत्या डागावर न लावता सगळ्या फळीवर लावा, नाहीतर तिथे फिकट चकती उरते. हातमोजे घाला, हे विष आहे, मुलांपासून दूर ठेवा. सुकल्यावर दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं पुसून काढल्याशिवाय घासू नका, त्याचे स्फटिक श्वासातून जाणं वाईट. आणि परत बसवताना स्क्रू पितळेचे वापरा.

रेघ, जाडी, ठिगळ

जुनं मोजमाप इंच आणि सुतात असतं. आठ सुतांचा इंच. जुनी एक इंची फळी रंधा मारून सात सुतांची झालेली असते, आणि आजची तयार पट्टी मिलिमीटरात येते. दोन्हींतला बारीकसा फरक डोळ्याला दिसत नाही, पण बोटाला लागतो आणि पॉलिश झाल्यावर उजेडात सावली पाडतो. म्हणून नवी पट्टी जराशी जाड घ्या आणि बसवल्यावर रंध्यानं जुन्याच्या पातळीला आणा. जुन्याला रंधा लावून नव्याच्या पातळीला आणायचं नाही.

जुने सांधे बहुधा सरसानं जोडलेले असतात. सांधा ढिला झाला म्हणून वरून फेव्हिकॉल ओतू नका, तो जुन्या सरसावर धरत नाही. कोमट पाण्याच्या फडक्यानं सरस मऊ करून खरवडा, सांधा सुकू द्या, मग जोडा. साग तेलकट असल्यानं चिकटवायच्या आधी दोन्ही बाजू थिनरनं पुसून घ्याव्यात, आणि पुसल्यावर फार वेळ थांबू नये.

आता ठिगळाची गोष्ट. आमच्या पॅनेलचा कोपरा गेला होता, आणि वर मधोमध एक गाठ निघून भोक पडलं होतं. मी चौकोनी तुकडा बसेल असं धरून चालले होते. मिस्त्रींनी कागदावर होडीचा आकार काढला: दोन्ही टोकं निमुळती, मध्ये फुगीर, लांबी रेघेच्या दिशेनं. चौकोनी तुकड्याची आडवी कड रेघ कापते आणि तिथे डोळा अडतो. होडीच्या कडा तिरप्या जातात, रेघांबरोबर सरकतात आणि कुठे संपल्या ते कळत नाही. प्लायवुडच्या फळीवर नीट पाहिलंत तर कारखान्यात भरलेली अशी होडीसारखी ठिगळं दिसतील. तुकडा कापण्याआधी त्यांनी तो जुन्या फळीवर ठेवला आणि उजवीकडून-डावीकडून पाहिला. मग उलटा फिरवला, डोकं खाली पाय वर, आणि पुन्हा पाहिला. एका बाजूनं अगदी जुळणारा तुकडा दुसऱ्या बाजूनं पाहिला की गडद दिसत होता. लाकडाचे तंतू उजेड ज्या बाजूनं परतवतात त्यावर तो फरक असतो, रंगावर नाही. फिरवल्यावर दोन्ही बाजूंनी सारखा दिसला. मी मनात म्हटलं, इथे जर चुकलो असतो तर पुढे किती रंग फासला असता.

लाकूड आणलं आणि लगेच बसवलं असंही करू नका. विदर्भातल्या कोरड्या हवेतली किंवा वखारीतल्या गोदामातली फळी ठाण्याच्या खाडीकाठी आली की हवेतली ओल पिते. घरात, त्याच खोलीत, फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या घालून तीन-चार आठवडे आडव्या रचून ठेवा. याच कारणानं ऑगस्टमध्ये अडकणाऱ्या दाराला ऑगस्टमध्ये भरमसाट रंधा मारायचा नसतो. दसऱ्यापर्यंत थांबा. आखडेल आणि नीट लागेल. पावसात घट्ट बसवलेलं दार फेब्रुवारीत चौकटीत खुळखुळतं, आणि उन्हाळ्यात अगदी चपखल बसवलेलं दार जुलैत उघडत नाही. जाणते मिस्त्री ऋतूकडे पाहून फट ठेवतात.

रंग

ताजा रंधा मारलेला साग हिरवट-पिवळट, कधी पट्टेरी दिसतो. घाबरू नका. उजेड लागला की काही आठवड्यांत तो आपोआप सोनेरी तपकिरी होतो. म्हणून रंग जुळवायच्या आधी नवी पट्टी पंधरा-वीस दिवस बाल्कनीत ऊन येईल अशी, पण पाऊस-दव लागणार नाही अशी ठेवा आणि मधूनमधून उलटा. आमच्या पहिल्या दुरुस्तीत नेमकं हेच राहिलं होतं. ताज्या लाकडावर जुळवून गडद रंग दिला, नंतर लाकूड खालून आपणहून गडद झालं, आणि दोन गडदपणांची बेरीज होऊन पट्टी काळी पडली.

उन्हानंतर टर्पेंटाइन किंवा स्पिरिटनं नवी पट्टी आणि जुनी घासलेली जागा ओली करून शेजारी पाहा. लाकूड ओलं असताना जो रंग दाखवतं तोच जवळजवळ पॉलिशखाली दिसतो. तेव्हा जुळलं तर रंग नकोच. फरक दिसला तर त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यांच्या चार पट्ट्या करा आणि प्रत्येकीवर वेगळं प्रमाण वापरून पाहा. मागे पेन्सिलनं प्रमाण लिहा. पट्टी खिडकीच्या उजेडात पाहा, संध्याकाळी दिव्याखालीही पाहा. पांढऱ्या एलईडीखाली जुळलेली पट्टी सकाळी लालसर निघते.

रंग लाकडात मुरवण्याऐवजी पॉलिशच्या थरांमध्ये थोडा थोडा घालणं मला जास्त भरवशाचं वाटतं. लाकडात मुरलेला रंग बाहेर काढता येत नाही, थरातला पुसता येतो. जुन्या सागाकडे नीट पाहिलं तर तो नुसता तपकिरी नसतो: तळाशी पिवळा, वर लालसर छटा, आणि रेघांत काळपट. त्यासाठी बाजारात मिळणारा 'अक्रोड' रंग एकटा कधीच पुरत नाही. मिस्त्री आधी पिवळ्याचा अगदी हलका थर देत, मग किंचित लाल, आणि शेवटी बोळ्याच्या टोकानं काळपट तपकिरी फक्त रेघांवर. भोकं आणि रेघा भरायची लांबीही ते स्वतः करत: खडूची पूड, पिवडी, चिमूटभर लाल हिरमुंजी, आणि पातळ चपडा, म्हणजे लाख. सुकल्यावर ती एक छटा फिकी होते, पॉलिश लागलं की पुन्हा गडद होते, हे धरून बनवावी. आणि शंका असेल तेव्हा जोड किंचित फिकी ठेवा. फिकी जोड काळाबरोबर जुन्याकडे सरकते, गडद जोड लांब जाते.

लाखेचं पॉलिश

रंग जुळून चकाकी वेगळी असेल तर डोळा फसत नाही. जुन्या फ्रेंच पॉलिशला मऊ, आतून येणारी चमक असते. शेजारी पीयूचा काचेसारखा थर किंवा मेलामाइनचा सपाट मॅट थर आला की जोड लगेच ओळखू येते. पॉलिशवाले हल्ली आधी पीयूच सुचवतात. स्वयंपाकघराच्या शटरवर, जेवणाच्या टेबलावर, जिथे पाणी आणि गरम भांडी आहेत तिथे त्यांचं म्हणणं रास्त आहे; लाखेवर गरम पातेलं ठेवलं की पांढरा डाग पडतो आणि दारू किंवा सॅनिटायझर सांडलं की ती विरघळते. पण कपाट, देव्हारा, झोपाळा, आतली दारं यांना लाखच द्या असं मी आग्रहानं सांगेन. ती केव्हाही, कुठल्याही कोपऱ्यात, उरलेल्याला हात न लावता दुरुस्त होते. पीयूवर ओरखडा आला तर बहुधा अख्खं दार पुन्हा करावं लागतं.

कृती साधी आहे, घाई चालत नाही. लिटरभर स्पिरिटात दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, अधूनमधून हलवा, मलमलीतून गाळा. लागेल तेवढंच करा, कारण मुरलेली लाख काही महिन्यांनी नीट सुकत नाही आणि चिकट राहते. कापसाचा बोळा जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती फडक्यात गुंडाळा. जुनं धोतर उत्तम. बोळा आतून भिजलेला आणि बाहेरून जेमतेम ओला हवा. रेघेच्या दिशेनं न थांबता फिरवा. मध्येच थांबलात तर बोळा चिकटून तिथेच डाग पडतो. दोन-तीन थरांनंतर 320 नंबरच्या पेपरनं हलकं घासा, धूळ पुसा, पुन्हा थर. बोळा अडायला लागला तर जवसाच्या तेलाचा एक थेंब बोळ्याला लावा. दिवसाला थोडेच थर द्या आणि मधे एखादा दिवस सोडा. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चुरगळलेल्या फडक्यांना आपोआप आग लागू शकते. ती पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून सुकवा. स्पिरिट उघडं असताना देवापुढची समईसुद्धा नको.

आणि हे काम पावसाळ्यात करू नका. जून ते सप्टेंबर हवेतली ओल थरात अडकते आणि पॉलिश दुधासारखं पांढरं पडतं. मिस्त्री कितीही चांगले असले तरी त्यांच्या हातात ते नसतं. दिवाळी उलटली की होळीपर्यंत डोंबिवली-ठाण्याची हवा या कामाला छान असते. नव्या घराचा ताबा जुलैत मिळाला तर कपाट नुसतं पुसून आणा, भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा म्हणजे मागून हवा खेळेल, पायांखाली ग्रॅनाइटच्या चकत्या द्या, आणि नोव्हेंबरपर्यंत वाट पाहा. तोवर लाकूडही नव्या घराला सरावतं.

आमच्या कपाटाची मागची फळी उघडली तेव्हा आत मूळ सुतारानं पेन्सिलनं लिहिलेलं दिसलं: डाव्या दाराला 'डा', उजव्याला 'उ', आणि शेजारी सुतांत मापं. पन्नास वर्षांनी आम्हाला तीच मापं उपयोगी पडली. काम संपल्यावर मिस्त्रींनी त्यांची पेन्सिल माझ्या हातात दिली. त्या अक्षरांच्या खाली मी लिहून ठेवलं: तळपट्टी खालच्या कप्प्यातून, नवी फळी आत, चपडा एवढा, पिवळा आणि लाल एवढा, महिना डिसेंबर.